ॲव्हरेज विचारू नये अशी गाडी

आपल्याकडे नवी गाडी दारात आली की तिला ओवाळून होत नाही तोच तीन प्रश्न येतात. ॲव्हरेज किती? सर्व्हिसिंगला किती घेतात? आणि पाच वर्षांनी काढायची म्हटली तर किती येतील? यातला तिसरा प्रश्न मला फार थोर वाटतो. बॉनेटवरचं स्वस्तिक अजून ओलं असतं, चाकांखाली चिरडलेल्या लिंबांचा रस वाळलेला नसतो, आणि शेजारचे काका तिच्या निरोपाचा हिशेब मांडत असतात. संतांनी सांगितलेली विरक्ती बहुधा हीच.

या तिन्ही प्रश्नांना समाधानकारक उत्तरं देणारा देश म्हणून आपण जपानला मानतो. जपानी गाडी म्हणजे पेट्रोल कमी पिणारी, घाटात दगा न देणारी आणि विकताना मान खाली घालायला न लावणारी. टोयोटा, होंडा, सुझुकी यांनी ही पत कष्टानं कमावली आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण याच घराण्यात एक भाऊ असा निघाला की पहिल्या प्रश्नाला उत्तर देताना त्याला कित्येक वर्षं घसा खाकरावा लागला. कंपनीचं नाव माझदा, गाव हिरोशिमा.

माझदानं भारतात स्वतःच्या मोटारी विकायला दुकान कधी मांडलं नाही. त्यामुळे माझ्या प्रेमाला मेंटेनन्सचा खर्च लागलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाव मात्र आपल्या ओळखीचं आहे. १९८०च्या दशकात सरकारनं हलक्या ट्रकांसाठी दार किलकिलं केलं, तेव्हा चार जपानी कंपन्या चार भारतीय कंपन्यांचा हात धरून आत आल्या : डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान, आयशर-मित्सुबिशी आणि पंजाबातली स्वराज-माझदा. यातल्या शेवटच्या जोडीच्या छोट्या बसगाड्या पुढे पुण्या-मुंबईत शाळेतली पोरं आणि कारखान्यातली माणसं पोचवत राहिल्या. एका पिढीच्या लेखी माझदा म्हणजे सकाळी सातला कोपऱ्यावर हॉर्न वाजवणारी बस. चोवीस तासांची ले मान्सची शर्यत जिंकणारी कंपनी हीच, असं त्या पिढीला सांगितलं तर ती आपल्या बसच्या ड्रायव्हरकाकांना आठवून म्हणेल, शक्य आहे.

कंपनीची सुरुवात बुचांपासून झाली. पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारं बूच जपानला मिळेनासं झालं. त्यावर तोड म्हणून आबेमाकी नावाच्या ओकच्या जाड सालीपासून बुचाजोगता माल तयार करण्याचा उद्योग हिरोशिमात निघाला, आणि १९२० साली जानेवारीत ‘तोयो कॉर्क कोग्यो’ ही कंपनी रीतसर स्थापन झाली. रीतसर स्थापना होईतो युद्ध संपलेलं होतं आणि खऱ्या बुचाची जहाजं पुन्हा बंदराला लागत होती. चुकीच्या वेळी बरोबर वस्तू घेऊन बाजारात उतरायचं, हा या घराण्याचा कुळाचार इथूनच सुरू होतो.

दुसऱ्या वर्षी कारभार जुजिरो मात्सुदांच्या हाती आला. हे कोळ्याच्या घरात जन्मलेले, पोरवयात ओसाकाला लोहाराच्या भात्यापाशी जाऊन शिकलेले, पुढे स्वतः शोधलेल्या पंपामुळे नाव मिळवलेले गृहस्थ. लोखंडाची चटक लागलेल्या माणसाला झाडाच्या सालीत किती दिवस रस वाटणार? त्यात १९२५ साली कारखान्याला आग लागली. बूच काय, भुरूभुरू जळतं. मात्सुदांनी मग यंत्रांकडे मोहरा वळवला आणि १९२७ साली कंपनीच्या नावातलं बूच काढून टाकलं. ते काढल्यावर जे उसळून बाहेर आलं ते अजून थांबलेलं नाही.

१९३१ साली कंपनीचं पहिलं वाहन रस्त्यावर आलं. पुढून मोटरसायकल, मागून माल ठेवायचा हौदा, चाकं तीन. आपल्याकडे ज्याला पुढे टेम्पो म्हणायला लागले त्या जातीचं. त्याचं नाव ‘माझदा-गो’. मालकांचं आडनाव मात्सुदा, तेव्हा नाव जुळवायला फार लांब जायची गरज नव्हती. पण ही मंडळी गेली ती थेट प्राचीन इराणपर्यंत, आणि प्रकाशाचा व शहाणपणाचा देव अहुर मज्द याला त्यांनी त्या तीनचाकीवर आणून बसवलं. मुंबईच्या फोर्टात किंवा दादरच्या पारशी कॉलनीत वाढलेल्या माणसाला हे नाव परकं नाही. गाडी जपण्याच्या बाबतीत पारशी माणसाचा लौकिक पाहता देवानं जागा बरोबर निवडली असं म्हणायला हरकत नाही. फक्त शहर जरा चुकलं.

त्या शहराबद्दल आता थोडं सांगायला हवं. १९४५ सालची ६ ऑगस्ट हा जुजिरो मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस होता. सकाळी लवकर शहरात जाऊन त्यांनी केस कापून घेतले आणि मोटारीनं ते परत निघाले. सव्वाआठ वाजता बॉम्ब पडला तेव्हा ते शहराच्या मध्यभागातून बाहेर पडलेले होते, म्हणून वाचले. कारखाना शहराच्या पूर्वेला फुचूमध्ये, स्फोटाच्या जागेपासून पाचेक किलोमीटरवर. मध्ये हिजियामा नावाची टेकडी आहे, तिनं धक्का बराचसा अडवला. शहर उरलं नव्हतं, पण या कंपनीच्या इमारती उभ्या होत्या. मग त्यांतच जखमींवर उपचार झाले, आणि हिरोशिमा प्रांताचं अख्खं सरकारी कामकाज तिथं हलवलं गेलं; पुढच्या वर्षाच्या उन्हाळ्यापर्यंत ते तिथून चाललं. मोटारीच्या कारखान्यात जिल्ह्याची कचेरी, असं दृश्य क्वचित कुणी पाहिलं असेल. डिसेंबरात, म्हणजे चार महिन्यांत, तीनचाकी ट्रक पुन्हा तयार व्हायला लागले. शहर उभं करायला विटा, लाकूड, पत्रे कुणीतरी वाहून न्यायचे होते, आणि नेणारं वाहन समोरच तयार होत होतं.

यामुळे त्या गावात या कंपनीला जो मान आहे तो नुसत्या मालाच्या जोरावरचा नाही. तिथल्या माणसाला माझदाबद्दल विचारणं म्हणजे कोल्हापूरकराला तालमीबद्दल विचारण्यासारखं आहे. उत्तर मिळेल, पण आधी तुम्ही कुठले ते विचारलं जाईल.

जुजिरोंनंतर १९५१ साली चिरंजीव त्सुनेजी मात्सुदा अध्यक्ष झाले. त्यांनी १९६० साली आर-३६० नावाची चिमुकली चारचाकी काढली. ३५६ सीसीचं इंजिन, किंमत ३ लाख येन, खप उत्तम. कुणीही समंजस माणूस इथं थांबला असता आणि सुखानं छोट्या गाड्या विकत म्हातारा झाला असता. पण त्याच सुमारास जपानच्या उद्योग मंत्रालयाच्या डोक्यात एक विचार घोळत होता : देशात मोटारी करणारे फार झाले, त्यांचे तीन-चार गट करून लहानांना मोठ्यांच्या पोटात घालावं. त्सुनेजींना कुणाच्या पोटात जायचं नव्हतं. आपल्याकडे दुसऱ्या कुणाकडेच नाही असं काहीतरी हवं, म्हणजे सरकारचा हात आपल्यावर यायला कचरेल, असा त्यांचा हिशेब. ते काहीतरी त्यांना जर्मनीत सापडलं.

नेहमीच्या इंजिनात पिस्टन खालीवर हलतो आणि त्या हलण्याचं क्रँकच्या मदतीनं गोल फिरण्यात रूपांतर करावं लागतं. जर्मनीतल्या फेलिक्स वांकेल या स्वयंशिक्षित संशोधकाला हा द्राविडी प्राणायाम वाटला. शेवटी गोलच फिरायचं तर पहिल्यापासून गोल का फिरू नये? त्यानं भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारख्या आकाराच्या पोकळीत बाजू फुगलेला एक त्रिकोण फिरवला. त्रिकोणाची तिन्ही टोकं भिंतीला घासत फिरतात. त्या त्रिकोणाच्या आणि भिंतीच्या मधल्या जागेत इंधन येतं, दाबलं जातं, पेटतं आणि बाहेर पडतं. व्हॉल्व्ह नाहीत, पिस्टन नाहीत, आकार लहान, वजन कमी, धडधड जवळजवळ नाही. कागदावर इतकं सुंदर इंजिन दुसरं नाही. एक गंमत म्हणून सांगतो, वांकेलसाहेबांची नजर फार अधू होती आणि त्यांच्यापाशी गाडी चालवायचा परवाना नव्हता. म्हणजे ज्याला कधी पेट्रोल पंपावर उभं राहायचंच नव्हतं त्या माणसानं हे इंजिन शोधलं. यातून पुढचं बरंच काही उलगडतं.

एनएसयू या जर्मन कंपनीकडे त्याचे हक्क होते. जगभरातल्या मोटर कंपन्या तिच्या दारात रांग लावून उभ्या होत्या आणि त्या रांगेत हिरोशिमाचे हे टेम्पोवाले. करार झाला, भरभक्कम पैसे मोजले गेले. मग इंजिन चालवून पाहिलं, तेव्हा करारात न लिहिलेली गोष्ट कळली. त्रिकोणाच्या टोकांना ज्या सील-पट्ट्या असतात त्या भिंतीवर थरथरत घासायच्या आणि आतल्या चकचकीत पृष्ठभागावर ओरखड्यांची नक्षी उमटायची. इंजिन बाद. हिरोशिमाच्या इंजिनिअरांनी त्या ओरखड्यांना सैतानाच्या नखांचं नाव दिलं. शिवाय तेल आत झिरपून पांढरा धूर निघायचा, आणि गाडी सावकाश चालवली की अंगाला मसाज करणाऱ्या विजेच्या यंत्रासारखी थरथरायची.

हे निस्तरायला १९६३ साली केनिची यामामोतो यांना नेमलं गेलं. तोक्योच्या नामांकित विद्यापीठातून शिकून आलेला हा माणूस युद्धानंतर या कंपनीत गिअरबॉक्स जुळवायच्या कामावर लागला होता. त्यांच्यासकट इंजिनिअरांची संख्या भरली ४७, आणि जपानी माणसाला ४७ म्हटलं की धन्याच्या अपमानाचा सूड घेणारे सत्तेचाळीस रोनिन आठवतात. ते रोनिन गोष्टीच्या शेवटी पोट फाडून घेतात, हा तपशील त्यांच्यापैकी कुणी फार मनावर घेतला नसावा. पट्ट्यांसाठी त्यांनी हाताला लागेल ते वापरून पाहिलं. धातू पाहिले, मिश्रणं पाहिली, गाईघोड्यांची हाडंसुद्धा पाहिली. हा तपशील वाचल्यापासून माझा या कंपनीवर विश्वास बसला. हाड चालेल का, हे विचारायलाही जिगर लागते; कारण चाललं नाही तर दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये जेवायला जायचं असतं.

शेवटी कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणानं काम भागलं, आणि ३० मे १९६७ रोजी ‘कॉस्मो स्पोर्ट’ बाजारात आली. दोन रोटर, ११० अश्वशक्ती, आणि दिसायला अशी की आजही चित्र दाखवलं तर पाहणारा ती पुढच्या वर्षी येणार का असं विचारेल. ती हातानं जुळवत असत, दिवसाला साधारण एक. पाच वर्षांत १,१७६ झाल्या. दुसऱ्याच वर्षी त्यांतल्या दोन गाड्या जर्मनीत न्यूरबुर्गरिंगला ८४ तासांच्या शर्यतीत उतरवल्या. सलग ८४ तास, म्हणजे सोमवारी बसलेला माणूस गुरुवारी उठणार. एक गाडी ८२व्या तासाला बंद पडली, तेही इंजिन नव्हे, आस मोडून. दुसरी चौथी आली. इकडे ज्यांनी हे इंजिन जगाला दिलं त्या एनएसयूची आरओ-८० ही देखणी मोटार त्याच सुमारास रस्त्यावर आली होती. तिची इंजिनं ग्राहकांना बदलून देता देता कंपनीच मेटाकुटीला आली आणि १९६९ साली फोक्सवॅगनच्या गोटात गेली. मूळ गुरू बुडाले, शिष्य तरंगले.

तरंगल्यावर माणसाच्या अंगात येतं तसं मग माझदाच्या अंगात आलं. हे इंजिन आता दिसेल त्यात बसवायचं. सेडानमध्ये बसवलं, पिकअपमध्ये बसवलं, आणि १९७४ साली चक्क २६ आसनांच्या बसमध्ये बसवलं. बसमध्ये! गोड गुणगुणत वेगानं फिरणारं हे इंजिन आणि त्याच्यावर वीस-पंचवीस माणसं, त्यांच्या ट्रंका. वातानुकूलित बस हवी असेल तर थंड हवेसाठी एक निराळं छोटं इंजिन जोडून मिळे. अशा ४४ बस तयार झाल्या. यातली एकही आपल्या एसटी महामंडळाच्या नजरेस पडली नाही, हे दोघांच्याही हिताचं झालं.

कारण १९७३ साली अरब देशांनी तेलाचा नळ आवळला, आणि ज्या अमेरिकेनं आयुष्यात कधी ॲव्हरेज हा शब्द उच्चारला नव्हता तिनं तो उच्चारला. तिथल्या पर्यावरण खात्यानं आकडे जाहीर केले : रोटरीवाली माझदा शहरात गॅलनला १० मैलांच्या आसपास जाते. आपल्या हिशेबात लिटरला सव्वाचार किलोमीटर. कंपनीनं तपासणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला, आमची गाडी अशी चालवतच नाहीत असं सांगितलं. शेजारच्या काकांना या युक्तिवादाचं काय वाटलं असतं ते मी सांगायला नको. अमेरिकनांनाही तेच वाटलं. गोदामांत गाड्या साचल्या, कंपनी बुडायला आली, सुमितोमो बँकेनं आपली माणसं आत बसवली आणि १९७७ साली मात्सुदा घराण्याचा तिसरा वारस कोहेई याला अध्यक्षपद सोडावं लागलं.

याच काळातल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. कंपनीनं कामगारांना काढून टाकलं नाही. हजारोंना गाड्या विकायला देशभर दारोदार पाठवलं. कालपर्यंत बोल्ट आवळणारा माणूस आज टाय लावून तोक्योतल्या कुणाच्यातरी दारात उभा राहून वाकून नमस्कार करतोय. त्यांना विक्रीतलं ओ की ठो कळत नसणार. पण हा बोल्ट मी स्वतः आवळलाय, असं सांगणारा सेल्समन आपल्याला कधी भेटलाय का?

दुसरी गोष्ट बेसबॉलची. हिरोशिमाचा संघ कार्प. हा इतका गरीब होता की १९५१ साली तो मोडायच्या बेतात असताना लोकांनी साकेच्या पिंपांत नाणी टाकून वर्गणी जमवली. पुढे मात्सुदांनी त्याला आधार दिला. वर्षानुवर्षं हा संघ तळाशी. आणि तो पहिल्यांदा लीग जिंकला कधी, तर १९७५ साली, जेव्हा त्याला पोसणारी कंपनी गटांगळ्या खात होती. त्या वर्षी हिरोशिमाच्या माणसानं रडावं की नाचावं हे त्याचं त्यालाच कळलं नसेल.

बँकवाल्यांना रोटरी इंजिन हा अर्थातच सगळ्या दुखण्याचा उगम वाटला. कुठल्याही शहाण्या हिशेबनीसाला वाटेल. पण यामामोतोंनी ॲव्हरेज चाळीस टक्क्यांनी वाढवून दाखवायचं मनावर घेतलं, दाखवलं, आणि १९७८ साली तेच इंजिन घालून आरएक्स-७ आणली. ती अमेरिकेत हातोहात खपली. १९७९ साली फोर्डनं कंपनीचा चौथा हिस्सा घेतला. यामामोतो पुढे १९८४ साली कंपनीचे अध्यक्ष झाले. हाडं तपासून पाहणारा माणूस खुर्चीवर बसवणारी कंपनी म्हणून मी तिला शंभरपैकी शंभर देतो.

आता ले मान्स. फ्रान्समधली ही चोवीस तासांची शर्यत म्हणजे गाड्यांची वारी आणि अग्निपरीक्षा एकाच वेळी. माझदावाले १९७०च्या दशकापासून तिथं हजेरी लावत होते, आणि बिचाऱ्यांना तिथं मुख्यतः आवाजासाठी ओळखत. रोटरीचा तो किंचाळता, कानाचे पडदे हलवणारा आवाज. १९९१ साली ते ७८७बी घेऊन गेले. चार रोटरांचं इंजिन, अंगावर केशरी-हिरवे चौकटी पट्टे. ते एका कापडकंपनीच्या जाहिरातीचे होते. नियमांत बसवून गाडीचं वजन इतरांपेक्षा बरंच हलकं ठेवण्याची परवानगी त्यांच्या ओहाशी नावाच्या व्यवस्थापकानं चिकाटीनं मिळवली होती. मर्सिडीज आणि जॅग्वार यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. टेम्पोवाल्यांना हलकं राहू द्या.

रात्र गेली, सकाळ झाली, मर्सिडीज पुढे. माझदा न थांबता, न कुरकुरता मागून येत होती. बाविसाव्या तासाला आघाडीची मर्सिडीज तापून थांबली. पंचावन्न नंबरची माझदा पुढे गेली आणि तिथंच राहिली. फोल्कर वाइडलर, बर्ट्रां गाशो आणि जॉनी हर्बर्ट असे तिघं चालक. शेवटचा टप्पा हर्बर्टकडे. लय मोडायला नको म्हणून त्यानं जागा सोडली नाही, आणि ३६२ फेऱ्या पुऱ्या करून गाडीतून उतरला तो पाण्यावाचून सुकून कोसळला. विजेत्यांच्या मंचावर दोघंच उभे राहिले, तिसरा दवाखान्यात. वीस वर्षांनी, २०११ साली, माझदानं तीच गाडी पुन्हा ले मान्सला नेली, हर्बर्टकडून चालवून घेतली आणि मग त्याला मंचावर उभं केलं. सत्कार उशिरा झाला तरी चालेल पण राहू नये, हे आपल्या साहित्य संस्थांनाही पटण्यासारखं आहे.

ले मान्स जिंकणारी ती पहिली जपानी कंपनी, आणि रोटरी इंजिनानं तिथं मिळवलेला तो आजवरचा एकमेव विजय. माझदा जिंकली म्हणून रोटरीवर बंदी घातली, अशी एक लाडकी दंतकथा आहे. तसं नाही. इंजिनाचे नियम बदलायचं आधीच ठरलेलं होतं. पण चाहत्यांना हे समजावू नका. अन्याय झालेला देव जास्त पावतो.

बाकी लौकिकाचं म्हणाल तर माझदाचा लौकिक जितका शर्यतीत आहे तितकाच चमत्कारिक अडचणींत आहे. २०११ साली अमेरिकेत त्यांना सुमारे ५२,००० गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण काय, तर कोळी. पिवळ्या कोळ्यांच्या एका जातीला पेट्रोलचा वास इतका प्रिय की ते माझदा-६च्या हवा येण्याजाण्याच्या नळीत जाळी विणायचे, टाकीवर ताण येऊन ती तडकण्याची भीती असे. कंपनीनं नळीत स्प्रिंग बसवली. २०१४ साली कोळी पुन्हा हजर, पुन्हा ४२,००० गाड्या परत. २०२२ साली सिएटलमध्ये काही जुन्या माझदांचा रेडिओ एका सार्वजनिक केंद्रावर जाऊन अडकला तो अडकलाच. केंद्रानं पाठवलेल्या चित्राच्या फाइलला शेपूट नव्हतं आणि गाडीच्या मेंदूला ते सहन झालं नाही. मालक मंडळी महिनाभर तेच केंद्र ऐकत फिरली. त्यांचं सामान्यज्ञान वाढलं असणार. त्याही आधी, नावात टक्क्याची खूण असलेला एक पॉडकास्ट लावला की माझदाच्या रेडिओची सगळी यंत्रणाच गोठत असे. म्हणजे टोयोटा बिघडली तर मेकॅनिक बोलवायचा, माझदा बिघडली तर कीटकशास्त्रज्ञ किंवा व्याकरणकार.

आणि तरी, अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या नियतकालिकानं २०२० साली टिकाऊपणात पहिला क्रमांक दिला तो माझदाला, टोयोटाच्या वर. माझ्या आतेबहिणीचा मुलगा ऑकलंडला असतो. त्यानं जपानहून आलेली सेकंडहँड माझदा डेमिओ घेतली, तेव्हा इकडे घरच्या ग्रुपवर पहिला प्रश्न आला, ‘टोयोटा नव्हती का रे?’ आणि लगेच दुसरा, ‘ॲव्हरेज?’ त्यानं आकडा टाकला, तर आतेबहिणीच्या यजमानांना तो खोटा वाटला. हे रोटरी इंजिन नव्हे, साधं पेट्रोल इंजिन, हे त्यांना कोण सांगणार? रोटरी तर २०१२ साली आरएक्स-८ बंद झाल्यावर थांबलीच होती.

एमएक्स-५बद्दल मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. १९८०च्या दशकात दोन माणसांची, उघड्या टपाची, हलकी, स्वस्त गाडी ही गोष्ट जगानं मोडीत काढली होती. इंग्रजांनी तशा बनवल्या होत्या. त्या पावसात गळायच्या आणि उन्हात थांबायच्या. बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटर-पत्रकारानं १९७९ साली यामामोतोंच्या कानाशी ही कल्पना गुणगुणली. त्यांनी एक इंग्रजी ट्रायम्फ हाकोनेच्या घाटात स्वतः चालवून पाहिली आणि घाट उतरेपर्यंत बहुधा त्यांचं ठरलं. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात गाडी आली. घोडेस्वार आणि घोडा यांच्यात अंतर उरू नये, हे तिचं जपानी सूत्र. २०१६पर्यंत दहा लाख झाल्या. जगात सर्वांत जास्त खपलेली दोन आसनी उघडी गाडी म्हणून गिनीज बुकात तिचं नाव आहे. या गाडीत डिकी म्हणजे फक्त भाजीची पिशवी मावेल इतकी जागा, आणि मागे सासूबाईंना बसवायची सोय नाही. आपल्याकडे ती का आली नाही याचं उत्तर इथं असावं.

कंपनी आजही लहानच आहे. वर्षाला बारा-तेरा लाख गाड्या. टोयोटा कोटभर करते. फोर्डनं आपला हिस्सा विकून टाकला, २०१७ साली टोयोटानं पाचेक टक्के घेतला. सगळंच गोड आहे असंही नाही : २०२४च्या जूनमध्ये जपानी सरकारला गाड्यांच्या तपासण्यांत गैरप्रकार कबूल करणाऱ्यांच्या यादीत टोयोटा, होंडा, सुझुकीच्या जोडीला माझदाही होती. आणि २०१९ साली टचस्क्रीन चालकाचं लक्ष उडवते म्हणून ती काढून साधं फिरवायचं बटण देणाऱ्या या मंडळींनी नव्या सीएक्स-५मध्ये मात्र भलीमोठी टचस्क्रीन लावून बटण काढून टाकलं. चाहते नाराज झाले. माझी नाराजी त्यांच्यापेक्षा तीव्र आहे, कारण मला ती गाडी घ्यायचीच नाही.

पण रोटरी गेली असं समजू नका. २०२३ साली ती एमएक्स-३० या विजेवरच्या गाडीत परत आली. चाकं फिरवायला नव्हे, बॅटरी भरायला. एकाच गतीनं गुणगुणत राहायचं काम या इंजिनाला शोभतंही. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत कंपनीनं रोटरीसाठी वेगळा विभाग पुन्हा उघडला. या वेळी इंजिनिअर ३६.

हिरोशिमाला गेलात तर शांतता उद्यान पाहालच, पाहायलाच हवं. त्याला जोडून आणखी अर्धा दिवस काढा. मुकाइनादा स्टेशनच्या जवळ कंपनीचं मुख्यालय आहे, तिथून बसनं आतल्या संग्रहालयात नेतात. तीनचाकी आहे, कॉस्मो आहे, केशरी-हिरवी ७८७बी आहे. तिकीट नाही, पण जागा आधी राखून ठेवावी लागते. आणि मार्गदर्शक मुलीला ॲव्हरेज विचारू नका.